जुनी जिप्सी लडाखला न्यायची आहे? गाडीत काय बदलायचं आणि कशाला हातही लावायचा नाही

मनालीहून अटल बोगदा पार करून लाहौलमध्ये उतरलं की तांदी नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथल्या पेट्रोल पंपाची पाटी देशभरातल्या भटक्यांच्या फोटोंमध्ये सापडते. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं ती सांगते.

पाटीसमोर फोटो सगळेच काढतात. पण जुनी मारुती जिप्सी घेऊन तिथे पोहोचलेल्या माणसासाठी त्या पाटीवर एक गणित असतं. जिप्सीची टाकी ४० लिटरची. सामानाने भरलेली जुनी गाडी सततच्या चढावर लिटरला ८ किलोमीटर देते असं धरलं, तर भरलेल्या टाकीवर ती ३२० किलोमीटर जाईल. लेह त्याच्याही पुढे ४५ किलोमीटर राहतं.

लांबच्या प्रवासासाठी गाडी तयार करणं म्हणजे अशी गणितं घरीच सोडवणं. प्रत्यक्षात मात्र अनेकांची तयारी मोठे टायर, लोखंडी बंपर आणि टपावरच्या लाइटच्या पट्टीपासून सुरू होते. यातल्या काही गोष्टी बेकायदेशीर आहेत, काही गाडीला आणखी कमजोर करतात, आणि खर्च करून झाला की ब्रेक किंवा रेडिएटरसाठी पैसे उरत नाहीत. म्हणून आधी काय, नंतर काय, हे समजून घेणं महत्त्वाचं.

जिप्सीच का?

मारुती जिप्सी भारतात १९८५ च्या अखेरीस आली. सुरुवातीच्या गाडीला ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिन आणि पाच गिअरची जिप्सी किंग आली. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि ताकद ८० बीएचपीच्या आसपास गेली. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी खासगी जिप्सीसुद्धा आता जुनीच म्हणायची.

तरीही तिची मागणी टिकून आहे. लष्कराने हजारो जिप्सी वापरल्या, डोंगरातल्या रॅलींमध्ये तिने नाव कमावलं, आणि ताडोबाला जाऊन आलेल्या प्रत्येकाने ती आतून पाहिलेली असते. कारण सोपं आहे. गाडी हलकी आहे. चौकट ट्रकसारखी स्वतंत्र शिडीची आहे. पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाटे. फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि अवघड जागेसाठी लो गिअरही आहे. छोट्या गावातला मिस्त्रीसुद्धा ती खोलू शकतो.

उणिवाही तितक्याच उघड आहेत. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, बहुतेक गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. गाडी उंच आणि अरुंद आहे. हे लक्षात न घेता केलेला बदल अंगावर येऊ शकतो.

आधी कागद: कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा सरळ अर्थ असा:

- इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच. जिप्सीत डिझेल इंजिन बसवण्याची टूम जुनी आहे. सेकंडहँड जिप्सी घेताना इंजिन नंबर आणि आरसी जुळतात का, हे सगळ्यात आधी बघावं.
- गाडीचा रंग बदलला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.
- पुढे लावलेला बुलबार किंवा क्रॅशगार्ड नियमात बसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं. त्यामागे कारणही आहे. पादचाऱ्याला त्याची धडक जास्त लागते आणि धक्का थेट चौकटीत जातो.
- चौकट कापणं, लांबी-रुंदी बदलणं, बसण्याची जागा वाढवणं, हे विषय घरगुती प्रयोगाचे नाहीत.

उरतं काय? मूळ भाग नवे करणं, मूळ मापाचे पण चांगल्या दर्जाचे टायर घेणं, सामान नीट बांधण्याची सोय, हत्यारं आणि सुटे भाग. लडाखला जाऊन यायला खरं तर एवढंच पुरतं.

नोंदणीचं वय हा दुसरा मुद्दा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवण्यावर निर्बंध आले, आणि त्याबद्दलचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत. एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली नव्हे, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबादही त्यात येतात. मुंबई-पुण्याहून जुनी जिप्सी घेऊन जाणाऱ्याला राजस्थानातून बिकानेर, भटिंडा, चंदीगड असा रस्ता धरला की हा प्रश्नच टाळता येतो.

विम्याचंही तसंच. बदल केलेला भाग विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. पैसे खर्च करण्याआधी एक ईमेल केलेला बरा.

वजनाचा हिशेब

गाडीत किती किलो टाकायचे याची मर्यादा उत्पादकाने ठरवलेली असते. जिप्सीच्या बाबतीत ती मॉडेलनुसार साधारण पाचशे ते सहाशे किलोच्या घरात आहे. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. ऐकायला तो मोठा वाटतो. दोन माणसांच्या प्रवासाची अंदाजे यादी मांडली की चित्र बदलतं:

- दोन माणसं: १५० किलो
- बॅगा आणि गरम कपडे: ३० किलो
- २० लिटर जादा पेट्रोल, कॅनसकट: २० किलो
- पिण्याचं पाणी २० लिटर: २० किलो
- हत्यारं आणि सुटे भाग: ३० किलो
- दुसरी स्टेपनी: २० किलो
- तंबू, स्लीपिंग बॅग, चटया: १५ किलो
- स्टोव्ह, भांडी, शिधा: २५ किलो
- टपावरचं कॅरिअर: ३० किलो

ही बेरीज ३४० किलो होते. त्यात जाड लोखंडी बंपर आणि विंच मिळून ८० किलो आणि टपावरचा तंबू ६० किलो धरला, तर आकडा ४८० वर जातो. म्हणजे मर्यादा पाचशे किलोची असेल तर तिसरा माणूस बसवायला जागा उरत नाही.

वजन किती, याइतकंच ते कुठे हेही महत्त्वाचं. टपावरचा प्रत्येक किलो उंच आणि अरुंद गाडीला वळणावर बाहेर झुकवतो. नियम सोपा ठेवावा. जड वस्तू तळाला, दोन ॲक्सलच्या मध्ये. टपावर फक्त हलक्या आणि फुगीर वस्तू. आतलं सगळं सामान पट्ट्यांनी चौकटीला बांधलेलं हवं. जोरात ब्रेक लागला तर मागे सुटा ठेवलेला टूलबॉक्स पुढच्या सीटवर येतो.

पाटे, स्टिअरिंग आणि ती थरथर

वीस वर्षं वापरलेले पाटे बसलेले असतात. एखादं पान चिरलेलं असतं, बुश संपलेले असतात. पाहिल्यावर अनेकांना वाटतं की दोन-तीन इंच उंची वाढवणारा किट बसवावा. पण उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, स्टिअरिंगची भूमिती बिघडते, आणि कायद्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. मूळ उंचीचे नवे पाटे, नवे बुश, नवे यू-बोल्ट आणि चांगले शॉक ॲबसॉर्बर यांनीच जुनी जिप्सी पुन्हा वर उचलली जाते. जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत. एकदा ताणले गेले की ते पुन्हा तसे धरत नाहीत.

जिप्सीचा आणखी एक ओळखीचा आजार म्हणजे ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरणं. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. बहुतेकदा मूळ दुखणं पुढच्या नकलमधल्या किंगपिन बेअरिंगमध्ये, टाय-रॉडच्या टोकांमध्ये किंवा चाकांच्या बॅलन्सिंगमध्ये असतं. स्टिअरिंग डॅम्पर लावला की थरथर दबते, आजार मात्र तसाच राहतो. आधी बेअरिंग, मग डॅम्पर, हा क्रम चुकवू नये.

टायर: मोठा म्हणजे चांगला नव्हे

जिप्सी किंगचा नेहमीचा टायर २०५/७० आर १५ मापाचा. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. लोक आवडीने लावतात तो २३५/७५ आर १५. त्याचा व्यास सुमारे ७३४, म्हणजे जवळपास १० टक्के जास्त.

त्यातून मिळतं काय? जमिनीपासूनची उंची व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे ३३ मिलिमीटर वाढते. जातं काय? चाकाच्या एका फेरीत गाडी १० टक्के जास्त पुढे जाते, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो आणि चढावर जोर कमी पडतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. विरळ हवेत आधीच दमलेल्या इंजिनाला हा सौदा परवडत नाही.

मूळ मापाचे, मजबूत बाजूंचे ऑल टेरेन टायर पुरेसे आहेत. टायरची तारीख मात्र बघावी. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असूनही दहा वर्षं जुना टायर कडक झालेला असतो.

उंचीवर हवेचा दाबही बदलतो. बाहेरचा दाब कमी झाल्याने मुंबईत भरलेला टायर ५,००० मीटरवर गेजवर ६-७ पीएसआय जास्त दाखवू शकतो. थंडीने त्यातला काही भाग कमी होतो. म्हणून खिशातला गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर या दोन वस्तू विंचपेक्षा जास्त वेळा कामाला येतात.

विरळ हवेत इंजिनाचं काय होतं?

मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटरवर, लाचुंग ला ५,०५९ मीटरवर आणि तांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. तांगलांग लाच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. ८० बीएचपीच्या इंजिनाकडे तिथे चाळीसच्या आसपासच उरतात.

फ्युएल इंजेक्शनची जिप्सी हवेप्रमाणे पेट्रोल कमी करून घेते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला ते जमत नाही. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे काळा धूर, काजळलेले प्लग आणि थांबल्यावर बंद पडणारं इंजिन. स्वच्छ एअर फिल्टर, नवे प्लग आणि जादा प्लगचा एक संच जवळ हवा. कार्ब्युरेटर जाणणाऱ्या मिस्त्रीकडून मिश्रण थोडं पातळ करून घेता येतं. मैदानात उतरल्यावर ते पुन्हा पूर्ववत करायला विसरू नये, नाहीतर इंजिन तापतं.

पाण्याचीही गोष्ट आहे. ५,३०० मीटरवर पाणी सुमारे ८२-८३ अंशांना उकळतं, आणि इंजिनाचं नेहमीचं तापमान त्याहून थोडं वरच असतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणूनच कूलंट उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं असेल तर माथ्यावर रेडिएटर उकळणार, मग तो कितीही नवा असो. चार पैशांच्या वस्तूसाठी सहल अडू नये. झाकण, थर्मोस्टॅट, सगळे होज पाइप, पंख्याचा पट्टा आणि वॉटर पंप निघण्याआधी बदलावेत. कूलंट नुसतं पाणी नको. रात्री पारा शून्याखाली गेला तर पाणी गोठून इंजिन ब्लॉक तडकू शकतो.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजून नवा टाकावा. रस्त्यात पट्टा तुटला की इंजिन जागच्या जागी बंद.

ब्रेक: उतरणीची खरी परीक्षा

खिंड चढताना गाडी दमते, पण जीव जातो तो उतरताना. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुन्या ऑइलमधलं ते पाणी गरम ब्रेकमध्ये उकळतं, नळीत वाफ होते आणि पायाखालचं पेडल थेट तळाला जातं. ऑइल पूर्ण काढून नवं भरणं, रबरी ब्रेक होज आणि व्हील सिलिंडर बदलणं, मागच्या ड्रमची सफाई, या कामांचा फोटो कोणी टाकत नाही. पण यादीत यांचा पहिला नंबर हवा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथेही लागू आहे. अवघड उतारावर लो गिअर त्यासाठीच दिलेला असतो.

जादा पेट्रोल कशात न्यायचं?

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगता येतं. भांडं घट्ट बुचाचं हवं. धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं. पाण्याचा किंवा तेलाचा प्लॅस्टिकचा डबा यात बसत नाही. तो थंडी-उन्हात तडकतो आणि स्थिर विजेची ठिणगी पकडू शकतो.

२० लिटरचा धातूचा एक जेरीकॅन पुरतो. त्याने सुरुवातीचं गणित ६० लिटर गुणिले ८, म्हणजे ४८० किलोमीटरवर जातं आणि ११५ किलोमीटरची राखीव सोय होते. कॅन काठोकाठ भरू नये, उभा बांधावा आणि माणसं बसतात त्या भागात ठेवू नये. उंचीवर झाकण हळूच सैल करावं, आत वाफेचा दाब साठलेला असतो.

नाले आणि स्नॉर्केल

बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं. त्यामुळे सकाळी पायघोट्याइतका असलेला नाला चार वाजता बंपरला लागू शकतो. लवकर निघणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. स्नॉर्केलमुळे इंजिनाची श्वास घेण्याची नळी उंच जाते, एवढंच. वायरिंग, डिस्ट्रिब्युटर आणि कॉम्प्युटर त्याने कोरडे राहत नाहीत. नाले पार केल्यावर ॲक्सल आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासावं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे आणि ते बदलायला हवं.

जवळ काय ठेवायचं?

टो करण्याची मजबूत पट्टी आणि ती अडकवायला चौकटीला बोल्ट केलेले हुक, फावडं, दोन जॅक आणि त्यांच्याखाली ठेवायला लाकडी फळी, पंक्चर किट, फ्युज, बल्ब, पंख्याचा पट्टा, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, फ्युएल फिल्टर, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, तार, चिकटपट्टी. हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब लावण्यापेक्षा रिले बसवून मूळ बल्बना पूर्ण करंट द्यावा. जुनी वायरिंग जादा भार सोसत नाही, ती जळते.

दोन गोष्टी विसरू नयेत. जुन्या गाडीच्या सायलेन्सरला भोक आणि तळाच्या पत्र्याला गंज असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. म्हणून एक्झॉस्ट गळतो का, हे तपासून घ्यावं. आणि थंडी कितीही असली तरी बंद गाडीत इंजिन किंवा स्टोव्ह चालू ठेवून झोपू नये.

निघण्याआधीची परीक्षा

सगळी कामं झाल्यावर लगेच लेहचा रस्ता धरू नये. पूर्ण सामान भरून, वजनकाट्यावर तोलून, एखाद्या शनिवारी-रविवारी माळशेज किंवा ताम्हिणी घाट चढून-उतरून यावं. एका रात्रीचा मुक्काम करावा. ऑइल कुठे गळतं, ब्रेक तापल्यावर कसे लागतात, कुठला बोल्ट सैल झाला, हे तिथे कळतं. जवळ मिस्त्री असतो आणि फोनला रेंज असते. पाचशे किलोमीटर चालल्यावर सगळे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत.

वेळापत्रकात दोन दिवस रिकामे ठेवावेत. ते गाडीच्या दुरुस्तीला कामी येतात, आणि गाडी ठणठणीत राहिली तर विरळ हवेची सवय व्हायला माणसाच्या शरीराला मिळतात. सार्चू किंवा पांगला डोकं ठणकत असताना, अंधारात, वाऱ्यात उभं राहून चाक बदलणं सोपं नसतं.

तांदीच्या पंपावर पोहोचलेल्या जिप्सीला लोखंडी बंपर आहे की नाही, याने त्या पाटीला फरक पडत नाही. टाकी भरलेली, कॅन भरलेला, ब्रेक ताजे आणि रेडिएटरचं झाकण नवं असेल, तर ३६५ हा फक्त एक आकडा उरतो.